१४९ कवट्यांचे उत्तर

इरावती कर्वे म्हटले की मराठी वाचकाला ‘युगान्त’ आठवते. महाभारतातल्या माणसांना देवत्वाच्या मखरातून खाली आणून माणूस म्हणून तपासणाऱ्या या लेखिकेचा मूळ पेशा मात्र वेगळा होता. माणसाचे डोके, नाक, चेहरा, उंची मोजून त्यातून मानवसमूहांचा इतिहास शोधणे, म्हणजे शारीरिक मानवशास्त्र. आणि त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता माणसाची कवटी.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते आणि मुलीचे नाव ठेवले तिथल्या इरावती नदीवरून. सातव्या वर्षी तिची रवानगी पुण्याच्या हुजूरपागेत झाली. रँग्लर परांजपे यांच्या घरातल्या मोकळ्या, बुद्धिवादी वातावरणात ती वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए., मग मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम. ए. मधल्या काळात लग्न झाले ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर यांच्याशी. सुनेने पुढे शिकायला जर्मनीला जावे हे महर्षींना पसंत नव्हते. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले त्यांनीच नको म्हणावे, हे आज चमत्कारिक वाटते. नवरा-बायकोने मात्र ठरवले होते. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून पैसे उसने घेतले आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बोटीने निघाल्या.

बर्लिनमध्ये त्या दाखल झाल्या ती संस्था आदल्याच वर्षी उघडली होती. मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुजननशास्त्र असे तीन विषय तिच्या नावातच होते. सुजननशास्त्र म्हणजे ‘चांगल्या’ वाणाच्या माणसांची पैदास वाढवावी आणि ‘वाईट’ वाणाची रोखावी, हा त्या काळी अनेक देशांत प्रतिष्ठित मानला गेलेला विचार. संचालक होते ऑयगेन फिशर. नैऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत १९०८ मध्ये त्यांनी गोरे आणि स्थानिक यांच्या मिश्र संततीचा अभ्यास केला होता आणि असे संबंध वाईटच, असा निष्कर्ष काढला होता. इरावतीबाईंचे मार्गदर्शक हेच.

विषय ठरला कवटीची असमानता. कोणाचीही कवटी दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखी नसते. मेंदूचे दोन अर्ध वेगवेगळी कामे करतात आणि कवटीच्या आतल्या बाजूवर त्यांचा ठसा उमटतो. बऱ्याच माणसांत उजवी बाजू पुढे आणि डावी बाजू मागे किंचित फुगीर असते. असा कल आदिमानवांच्या अश्मीभूत कवट्यांतही दिसतो, तेव्हा हा वारसा फार जुना आहे. फिशर यांची अटकळ मात्र वेगळीच होती. युरोपातले गोरे लोक तर्कबुद्धीत सरस, म्हणून त्यांच्या कवट्या अधिक असमान असणार आणि इतर वंशांच्या कमी, असे त्यांना वाटत होते. विद्यार्थिनीने मोजमापे घेऊन ते दाखवायचे होते.

त्या काळाची चौकटही ध्यानात घेतली पाहिजे. माणसाचा उगम कुठे झाला हे तेव्हा ठरलेले नव्हते. आफ्रिकेत सापडलेल्या टाउंगच्या लहान मुलाच्या कवटीला १९२५ पासून बहुतेक विद्वान वानराची कवटी म्हणून बाजूला सारत होते. उलट इंग्लंडमधला पिल्टडाउनचा ‘आदिमानव’ खरा मानला जात होता. तो बनावट असल्याचे उघड झाले ते १९५३ मध्ये. इरावतीबाई बर्लिनमध्ये असताना, १९२९ च्या डिसेंबरात, चीनमध्ये पेकिंग मानवाची कवटी हाती आली. म्हणजे शास्त्र अजून चाचपडत होते, पण वंशांची उतरंड मात्र पक्की मानलेली होती.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपीय होत्या, युरोपाबाहेरच्याही होत्या. संस्थेच्या संग्रहात जर्मन वसाहतींतून आणलेली हाडे होती आणि ती कशी आणली गेली याची कथा सुखाची नाही. काम कंटाळवाणे असते. कवटीच्या मध्यातून जाणारी रेषा धरायची, ठरलेल्या बिंदूंपासून डावीकडचे आणि उजवीकडचे अंतर कॅलिपरने घ्यायचे, आकडा लिहायचा आणि पुढची कवटी उचलायची. सगळे आकडे मांडल्यावर दिसले की असमानता सर्वत्र आहे आणि तिचा वंशाशी काही संबंध नाही. इरावतीबाईंनी प्रबंधात तसेच लिहिले. परदेशी, विशीतली, कर्ज काढून आलेली विद्यार्थिनी, आणि समोर पदवी ज्यांच्या हातात ते संचालक! पदवी मिळाली, पण अगदी खालच्या श्रेणीत. प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे काय झाले ते जग जाणते. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ऱ्हाइनलँडमधल्या शेकडो मिश्रवर्णी मुलांची १९३७ मध्ये सक्तीने नसबंदी झाली, त्यात या संस्थेच्या तज्ज्ञांचा हात होता. महायुद्धात आउश्वित्झच्या छळछावणीतून मानवी अवयवांचे नमुने याच संस्थेत पाठवले जात.

इरावतीबाई तोवर पुण्यात होत्या. काही वर्षे महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केल्यावर १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. कॅलिपर त्यांनी सोडला नाही. गावोगाव फिरून शेकडो लोकांची डोकी, नाके, उंच्या मोजल्या. डोक्याची रुंदी लांबीच्या किती टक्के, हा शीर्षनिर्देशांक म्हणजे त्या शास्त्राचा लाडका आकडा. खरे तर त्याची खात्री १९११ च्या सुमारासच डळमळली होती. अमेरिकेत फ्रांझ बोआस यांनी स्थलांतरितांच्या कुटुंबांतल्या सुमारे १८,००० जणांची मोजमापे घेऊन दाखवले होते, की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदलतो. जो आकडा एका पिढीत हलतो त्यावर वंशांची इमारत कशी उभारणार?

इरावतीबाईही या मोहातून पूर्ण सुटल्या नव्हत्या. गुजरातमधल्या लांघणज येथे १९४४ मध्ये ह. धी. सांकळिया यांच्याबरोबर केलेल्या उत्खननात गारगोटीच्या बारीक हत्यारांसोबत मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले, पाय दुमडून पुरलेले. भारतातल्या शिकारी माणसाशी झालेली ती मोलाची भेट होती. पण त्या थोड्याशा हाडांत आफ्रिकी वंशाच्या खुणा असल्याचे तेव्हा मांडले गेले. नंतरच्या अभ्यासकांना ते पटले नाही. बर्लिनमध्ये आकड्यांना जेवढे बोलता येते तेवढेच बोलू देणाऱ्या बाई इथे जरा पुढे गेल्या, असे म्हणावे लागते.

जातींच्या बाबतीत मात्र त्यांची मोजमापे जास्त खोल गेली. वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या मोजमापांचा ग्रंथ त्यांनी १९५१ मध्ये सिद्ध केला. एकाच नावाखाली येणारे लोक, मग ते ब्राह्मण असोत की कुंभार, मुळात एकाच घराण्याचे आणि कालांतराने फुटून पोटजाती झाल्या, हा समज रूढ होता. इरावतीबाईंना उलटे चित्र दिसले. एका नावाच्या पोटजाती शरीराने एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या होत्या. आपापसातच लग्ने करणारे निरनिराळे गट आधीपासून होते आणि समान धंद्यामुळे किंवा दर्जामुळे एका नावाखाली आले, असे त्यांनी मांडले. घुर्ये यांच्यापेक्षा हे मत वेगळे होते. म्हणजे याही गुरूशी मतभेद झालाच.

कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत आठ ब्राह्मण गटांचा अभ्यास त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कॅलिपरच्या जोडीला रक्तगट आले होते, कारण रक्तगट खाण्यापिण्याने किंवा हवेने बदलत नाहीत. त्याच सुमारास कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणीही चालू होती. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. रक्तगट आणि प्रथिने तपासून रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये हिशेब मांडला, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकेका लोकसमूहाच्या आतच असतो, आणि ज्यांना वंश म्हणतात त्यांच्यामध्ये जेमतेम ६ टक्के.