कड्यावरून कोसळलेला कादंबरीकार

सबमिशनच्या आदल्या रात्री फाईल बाजूला सारून कादंबरी संपवणारे महाभाग आपल्या होस्टेलवर कमी नाहीत. कुणी हटकलं की टाइमपास म्हणून मोकळं व्हायचं! अशा सगळ्यांनी नाथमाधवांना ओळखलंच पाहिजे.

त्यांचं खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म १८८२ चा, मुंबईतला. नोकरी कुलाब्याला, तोफगाड्यांच्या कारखान्यात. म्हणजे आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्याच बिरादरीतले! शिकारीचा भारी नाद. त्याच नादात ऐन तारुण्यात ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. नोकरी सुटली, शिकार संपली. उरलं अंथरूण आणि पुस्तकं. वाचता वाचता ते स्वतःच लिहू लागले. १९०८ मध्ये प्रेमवेडा आली, १९१३ मध्ये अद्भुतरम्य वीरधवल आणि पुढे शिवकालावरची स्वराज्यमाला. १९२८ मध्ये, अवघ्या ४६ व्या वर्षी ते गेले.

त्यांच्या कादंबऱ्यांत योगायोग फार, पसारा मोठा, हे कबूल. इतिहासाचं पुस्तक म्हणूनही त्या वाचू नयेत. पण पुढे काय झालं, ही ओढ पानोपानी टिकवणं म्हणजे खायचं काम नाही. स्वतः अंथरुणाला खिळलेल्या माणसानं वाचकांना मात्र गडकिल्ल्यांवरून दौडत नेलं!

तेव्हा दोस्तांनो, अशा कादंबरीला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. फक्त आधी शेवटच्या पानापर्यंत वाचा. आणि हो, सबमिशन मात्र वेळेवर करा!