देवांना घरोघरी नेणारी सूचना : राजा सर टी. माधवराव

इंदूरचे एकेकाळचे दिवाण राजा सर टी. माधवराव कुशल प्रशासक म्हणून परिचित आहेत. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरींशी असलेले त्यांचे नाते मात्र क्वचितच सांगितले जाते.

१८२८ मध्ये कुंभकोणम येथे एका तंजावरी मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मद्रासेत शिक्षण घेऊन १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि तिशीच्या सुमारास तेथील दिवाण. तो काळ धगधगता होता. ऊर झाकण्याच्या हक्कासाठी नाडार स्त्रियांनी दिलेल्या लढ्यानंतर १८५९ मध्ये संस्थानाने परवानगी दिली. मात्र उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र पांघरण्याची मुभा नाकारली. मंदिरांची दारे तर अवर्णांना बंदच राहिली. रस्ते, शाळा आणि महसूल यांत सुधारणा करणाऱ्या दिवाणांनाही ती उघडता आली नाहीत.

१८७२ मध्ये त्यांनी त्रावणकोर सोडले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या आग्रहावरून १८७३ ते १८७५ त्यांनी इंदूरचा कारभार पाहिला. मल्हारराव गायकवाड पदच्युत होताच त्यांची बडोद्यास नेमणूक झाली. त्रावणकोरात नावारूपाला आलेल्या राजा रविवर्म्याला बडोदे दरबाराची वाट त्यांनीच दाखवली.

रविवर्म्याच्या चित्रांना मागणी अफाट होती, पण रंगवणारे हात दोनच. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत शिळाछाप प्रती काढाव्यात, असे माधवरावांनी सुचवले. चित्रकाराची कीर्ती वाढावी आणि देशाचीही सेवा घडावी, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु छापील प्रतिमेचे सामर्थ्य युरोपने आधीच अनुभवले होते. पंधराव्या शतकात लाकडी ठशांवर छापलेले संत जर्मनीतील सामान्यांच्या घरी पोहोचले, तर १५२१ मध्ये लुकास क्रानाखच्या ठशांनी ल्यूथरच्या बाजूने थेट पोपच्या वैभवावर प्रहार केला.

४ एप्रिल १८९१ रोजी माधवराव निवर्तले. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने देवदेवतांची चित्रे अल्प किमतीत बाजारात आली. देव माणसांसारखे दिसू लागले, अशी टीकाही झाली. तसबीर विकत घेणाऱ्याला मात्र कोणी जात विचारत नव्हते.

त्रावणकोरची मंदिरे सर्व हिंदूंना खुली व्हायला १२ नोव्हेंबर १९३६ उजाडावा लागला. दिवाणाच्या अधिकाराला जे जमले नाही, ते त्याच्या एका साध्या सूचनेने चार दशके आधीच निराळ्या वाटेने सुरू केले होते.