कोर्टातला साहेब आणि गुरूंची वाणी

आपल्या मासिकात दरवर्षी शास्त्रज्ञांवर आणि उद्योगपतींवर लेख असतात. बरोबरच आहे, इंजिनिअरिंग कॉलेजचं मासिक आहे. पण यंदा मी एका जज्जाबद्दल लिहिणार आहे. हे जज्जसाहेब मूळचे आयर्लंडचे. नोकरी केली पंजाबात. आणि गंमत म्हणजे त्यांनी दिलेला एकही निकाल आज कुणाला आठवत नाही. त्यांचं नाव राहिलं ते नोकरीच्या बाहेर केलेल्या कामामुळे. मॅक्स आर्थर मॅकॉलिफ हे ते नाव.

मॅकॉलिफ यांचा जन्म १८३८ साली आयर्लंडमधल्या लिमरिक परगण्यात, न्यूकॅसल वेस्टजवळ झाला. गॉलवेच्या क्वीन्स कॉलेजात ते शिकले. भाषा हा त्यांचा पहिल्यापासूनच हातखंडा विषय. १८६० मध्ये आधुनिक भाषा घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. १८६२ मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी निवड झाली आणि १८६४ मध्ये ते पंजाबात येऊन दाखल झाले. पुढे डेप्युटी कमिशनर, मग १८८४ मध्ये डिव्हिजनल जज्ज. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर प्लेसमेंट एकदम फर्स्ट क्लास! बंगला, पगार, मान, पेन्शन, सगळं ठरलेलं. हा माणूस निवांत राहू शकला असता.

पण अमृतसरची दिवाळी त्यांनी पाहिली, आणि हे लोक कोण, यांचा धर्म काय, हे समजून घ्यावंसं त्यांना वाटू लागलं असं सांगतात. पुढे ते शीख धर्मावर लेख लिहू लागले. तोवर इंग्रजी वाचणाऱ्या जगाला शिखांबद्दल माहिती होती ती बहुतेक लढायांची. धर्मग्रंथात काय आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

एक प्रयत्न मात्र झाला होता. सरकारच्या इंडिया ऑफिसने अर्न्स्ट ट्रम्प नावाच्या जर्मन पंडिताला ग्रंथसाहिबाचं भाषांतर करायला सांगितलं होतं. ते १८७७ मध्ये लंडनला छापून आलं. ट्रम्प भाषाशास्त्रात मोठे होते, यात वाद नाही. पण ग्रंथाबद्दल त्यांना आदर नव्हता. भाषांतर अपुरं आणि प्रस्तावनेत हेटाळणी. अमृतसरला ग्रंथासमोर ते चिरूट ओढत बसले, अशीही हकिकत सांगितली जाते. शिखांना हे फार लागलं. कारण जगभरच्या लायब्रऱ्यांत आता त्यांची ओळख म्हणून हेच पुस्तक बसणार होतं.

आता कामाची अडचण बघा. ग्रंथसाहिब छापील स्वरूपात १४३० पानांचा आहे. त्यात जुनी पंजाबी आहे, ब्रज आहे, फारसी शब्द आहेत, वेगवेगळ्या प्रांतांतल्या संतांच्या बोली आहेत. जुन्या पोथ्यांत तर शब्द एकमेकांना चिकटवून लिहिलेले, मध्ये जागाच नाही. स्पेस न देता टाइप केलेला पानभर प्रोग्रॅम वाचायचा, तसं काहीसं. या भाषेचा चांगला कोश तेव्हा नव्हता. अर्थ होता तो ज्ञानी मंडळींच्या डोक्यात. गुरूकडून शिष्याकडे तोंडी चालत आलेला. असे ज्ञानी थोडे उरले होते, त्यातले बरेच म्हातारे, आणि इंग्रजी जाणणारा तर मिळणंच कठीण. एक ज्ञानी गेला की त्याच्याबरोबर अर्थ सांगणारी एक अख्खी परंपरा जायची. मॅकॉलिफ यांना घाई होती ती याची.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की हे काम एका माणसाचं नव्हतंच. १८८५ चं साल घ्या. गुरू नानकांच्या चरित्राची, म्हणजे जनमसाखीची, एक जुनी पोथी लंडनला जाऊन पडली होती. अमृतसरच्या शिखांनी सरकारकडे अर्ज केला, पोथी पंजाबात आली आणि डेहराडूनच्या सर्व्हे ऑफिसात तिच्या हुबेहूब प्रती काढल्या गेल्या. जस्ताच्या पत्र्यावर फोटो उतरवून छपाई करायची, ही नकाशे छापण्याची पद्धत. म्हणजे नकाशेवाल्यांचं तंत्र पोथीच्या कामी आलं! त्याच सुमारास लाहोरचे प्राध्यापक गुरमुखसिंग यांना हाफिजाबादला तशीच एक पोथी सापडली. ती त्यांनी मॅकॉलिफ यांना दिली. मॅकॉलिफ यांनी तिच्यातले चिकटलेले शब्द सुटे करून ती स्वतःच्या खर्चाने छापली. प्राध्यापकाने शोधायचं, जज्जाने छापायचं. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं.

१८९३ मध्ये मॅकॉलिफ यांनी नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या आसपास. आता फक्त ग्रंथ. त्यांना सगळ्यात मोठा आधार मिळाला तो नाभा संस्थानच्या भाई काह्नसिंग यांचा. काह्नसिंग कधी शाळेत गेले नव्हते. घरी आणि पंडितांकडे शिकून विद्वान झाले, संस्थानात मोठ्या हुद्द्यांवर चढले, न्यायाधीशही झाले. नाभ्याच्या राजाने आपल्या पदरचा हा माणूस मॅकॉलिफ यांच्या मदतीला दिला. काह्नसिंग या कामासाठी इंग्लंडलाही जाऊन आले.

मॅकॉलिफ यांची पद्धत आपण शिकण्यासारखी आहे. भाषांतर झालं की ते शीख विद्वानांपुढे ठेवायचे. चूक दाखवा, मी दुरुस्त करतो. अमृतसरला ज्ञानी मंडळींनी बसून ते तपासलं. आपण ड्रॉइंग चेक करून घेतो ना, तसंच. फरक इतकाच, की हे तपासणारे कालपर्यंत या साहेबाच्या राज्यातली रयत होते. साहेबाने रयतेकडून आपला पेपर तपासून घ्यायचा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. मला वाटतं, हे जज्जालाच सुचू शकलं. साक्षीदाराचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली होती.

खर्च मोठा होता. काही शीख राजांनी मदत केली, बाकी स्वतःचे पैसे. सरकारने जी रक्कम देऊ केली ती इतकी तुटपुंजी होती की त्यांनी ती घेतलीच नाही. अखेर १९०९ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने 'द सिख रिलिजन' हा ग्रंथ सहा खंडांत छापला. आणि त्याचे हक्क मॅकॉलिफ यांनी काह्नसिंग यांच्या नावे करून टाकले.

या सहाव्या खंडापाशी आपण मराठी माणसांनी जरा थांबायला हवं. त्यात ग्रंथसाहिबातल्या भगतांची चरित्रं आणि वाणी आहे, आणि त्यांत आपले नामदेव आहेत. नामदेवांची ६१ पदं ग्रंथसाहिबात आहेत. नामदेव जिथे राहिले असं मानतात त्या पंजाबातल्या घुमान गावी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा बऱ्याच जणांना हे नव्याने कळलं. पण इंग्रजी वाचणाऱ्या जगाला पंजाबातले नामदेव सांगण्याचं काम या आयरिश जज्जाने शंभर वर्षं आधीच केलं होतं. दुसरा धागा नांदेडचा. ग्रंथाला गुरुपद मिळालं ते १७०८ मध्ये, आपल्या नांदेडलाच.

मॅकॉलिफ यांच्या कामात उणिवा नाहीत असं नाही. जनमसाखीतले चमत्कार त्यांनी फारसे न तपासता घेतले, असं पुढच्या अभ्यासकांनी म्हटलं. शीख धर्म हा इंग्रज राज्याला कसा उपयोगी आहे, हे दाखवण्याचा सूरही त्यात आहे. हे मान्य करूनच पुस्तक वाचावं. पण ज्यांची पोथी, त्यांनाच तिचा अर्थ विचारायचा, हा पायंडा त्यांनी घातला, त्याचं मोल कमी होत नाही.

१५ मार्च १९१३ रोजी लंडनमध्ये मॅकॉलिफ गेले. शेवटच्या घटकेला ते जपजीचा पाठ करत होते, असं त्यांच्या मदतनिसाने लिहून ठेवलं आहे.

काम मात्र थांबलं नाही. कोश नाही म्हणून मॅकॉलिफ अडले होते ना? तो कोश काह्नसिंग यांनी केला! १९१२ ते १९२६ अशी चौदा वर्षं ते लिहीत होते. १९३० मध्ये 'महान कोश' छापून आला, त्यात ६४,२६३ नोंदी आहेत. इतरही होते. सुतारकी करणाऱ्या घराण्यातले भाई रामसिंग वास्तुकार झाले आणि त्यांनी अमृतसरच्या खालसा कॉलेजची इमारत उभी केली. टोकियोत शिकलेले, डेहराडूनला जंगल खात्यात केमिस्ट असलेले पूरनसिंग यांनी दहा गुरूंवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

जज्ज, दिवाण, प्राध्यापक, नकाशेवाले, सुतार, केमिस्ट. यांच्यातल्या बहुतेकांचा रोजचा धंदा वेगळाच होता. म्हणून मला म्हणावंसं वाटतं, मित्रांनो, की आठवणी जपणं हे फक्त इतिहासवाल्यांचं काम नाही. आपल्या गावातल्या मठात, वाड्यात, आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली कागदपत्रं पडलेली असतात. ती वाचू शकणारी माणसं दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत. स्कॅनिंग, डेटाबेस, सर्व्हेइंग, फोटोग्राफी हे सगळं आपल्याला येतं. डिग्री मेकॅनिकलची असो की सिव्हिलची, सुट्टीत गावी गेल्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. आणि लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवा. ते चुका दाखवतील. त्या मुकाट्याने दुरुस्त करा.