आयझॅक सिंगर : यंत्र आणि कागद

शिवणयंत्र म्हटले की सिंगर हे नाव सहज ओठांवर येते. या कंपनीचे शंभर वर्षांचे यंत्र आजही एखाद्या शिंप्याच्या दुकानात टकटकत असते. परंतु त्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका, पावती, हप्त्यांचा करारनामा मात्र केव्हाच रद्दीत गेलेला असतो. परदेशात असे कागद हौसेने जमविणारे संग्राहक आहेत. यंत्राच्या कर्त्याचे चरित्र समजून घ्यावयाचे तर अशा कागदांकडेच वळावे लागते.

आयझॅक मेरिट सिंगर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पिट्सटाउन येथे झाला. शिक्षण बेताचे, ओढा नाटकाकडे! १८३९ मध्ये खडकाला भोके पाडण्याच्या यंत्राचे पेटंट त्यांनी विकले आणि आलेला पैसा नाटकमंडळीत घालविला. १८५० साली बोस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेले शिवणयंत्र त्यांच्या पाहण्यात आले. खालीवर होणारी सरळ सुई, आडवी फळी आणि कापड दाबून धरणारा दट्ट्या अशी रचना त्यांनी साधली. १२ ऑगस्ट १८५१ रोजी त्यांना ८२९४ क्रमांकाचे पेटंट मिळाले.

मात्र शिवणयंत्राचे मूळ पेटंट १८४६ पासून एलियास होव यांच्याकडे होते. होव यांनी दावा लावला आणि १८५४ मध्ये सिंगर यांना पंधरा हजार डॉलर मोजावे लागले. यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या वर. सामान्य कुटुंबाला ती कशी परवडावी? त्यांचे भागीदार, वकील एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये हप्त्यांची पद्धत काढली. यंत्र घरोघर पोहोचले ते कल्पकतेइतकेच या करारनाम्याच्या बळावर.

कंपनीने पुढे रंगीत जाहिरातपत्रे वाटली. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनासाठी निघालेल्या संचात देशोदेशीचे लोक आपापल्या पोशाखात यंत्राभोवती दिसतात. त्यांत भारतीयही आहेत. ही चित्रे संग्राहकांच्या विशेष आवडीची.

चित्रांतील घर हसरे असते. कर्त्याचे घर तसे नव्हते. सिंगर यांनी एकाच वेळी अनेक संसार थाटले, वीसहून अधिक मुले झाली. नाटकाच्या दिवसांपासून साथ देणाऱ्या आणि त्यांच्या मुलांची आई झालेल्या मेरी ॲन स्पॉन्सलर यांच्याशी त्यांनी रीतसर विवाह कधीच केला नाही. २३ जुलै १८७५ रोजी इंग्लंडमधील पेन्टन येथे सिंगर वारले. मागे कोट्यवधी डॉलरची संपत्ती होती. पत्नी म्हणून आपला हक्क मागण्यासाठी मेरी ॲन यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. जाहिरातीने जे झाकले ते मृत्युपत्राने आणि दाव्याच्या कागदांनी उघड केले.

कंपनीचे जुने दप्तर आज अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत जतन केलेले आहे. पण घरोघरच्या पावत्या कोण जपणार? लोखंड टिकते, कागद कुजतो; आणि माणसाचे खरेखोटे बहुधा कागदावरच राहते. आजीच्या यंत्राच्या खणात एखादी पिवळी पडलेली पावती सापडली, तर ती रद्दीत टाकण्यापूर्वी आपण एकदा वाचून पाहावी.