सेवाव्रती रमाबाई रानडे

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याच्या दिशेने निघाले, म्हणजे ओझरच्या पुढे पिंपळगाव बसवंत हे मोठे गाव लागते. द्राक्षांचे मळे आणि कांद्याची बाजारपेठ यांमुळे या गावाचे नाव दूरवर गेले आहे. येथील एखाद्या घरी सून बाळंत व्हावयाची असली, म्हणजे गावातील आशाताई तिची विचारपूस करण्यास येते, परिचारिका तिची तपासणी करते, आणि वेळ आली की तिला दवाखान्यात नेतात. पांढऱ्या पोशाखातील ती परिचारिका एखाद्या शेतकऱ्याची लेक असते. तिच्या व्यवसायाचा तिच्या आईबापांना अभिमान वाटतो. हे दृश्य आपल्या इतक्या ओळखीचे झाले आहे, की त्यात नवल करण्यासारखे काही आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात असे दृश्य शोधूनही सापडले नसते. त्या काळी बाळंतिणीची खोली म्हणजे घरातील सर्वांत अंधारी खोली असे. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद ठेवीत. सुईण अनुभवी असली, तरी स्वच्छतेचे शास्त्र तिला कोणी शिकविलेले नसे. स्त्री आजारी पडली तर परपुरुषाला नाडी दाखविणे तिला लज्जास्पद वाटे, आणि स्त्री-डॉक्टर तर जवळजवळ नव्हत्याच. डॉक्टरीची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्री आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून परत आल्या. पण दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचा अंत झाला. अशा स्थितीत कितीतरी आया आणि त्यांची तान्ही बालके उपचारांवाचून दगावत.

ज्या थोर स्त्रियांनी हे चित्र पालटण्यासाठी आपले आयुष्य वेचले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे सासरचे नाते याच परिसराशी जोडलेले होते. पिंपळगाव ज्या तालुक्यात आहे, त्या निफाड तालुक्याच्या मुख्य गावी, म्हणजे निफाड येथे, १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. पुढे न्यायमूर्ती म्हणून आणि समाजसुधारक म्हणून ते सर्व हिंदुस्थानात मान्यता पावले. रमाबाई या त्यांच्या पत्नी होत.

रमाबाईंचा जन्म सातारा भागातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात १८६२ साली झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात मोडते. त्यांचे माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलींना लिहावाचावयास शिकवीत नसत. यमुनेलाही अक्षरओळख नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह झाला आणि ती पुण्यास रानड्यांच्या घरी रमा होऊन आली. माधवरावांचे वय तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची प्रथम पत्नी नुकतीच वारली होती. पुनर्विवाह करावयाचा तर एखाद्या विधवेशीच करावा, असे त्यांच्या मनात होते. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. हा सल त्यांच्या मनात राहिला. आपल्या लहानग्या पत्नीला मात्र अज्ञानात ठेवावयाचे नाही, असा निश्चय त्यांनी केला आणि लग्न झाल्याबरोबर तिच्या हाती पाटी दिली.

पाटी हाती आली, पण ती हाती धरणे सोपे नव्हते. रात्री पतीपाशी धडे घ्यावे आणि दिवसा माजघरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे ऐकावे, असा रमाबाईंचा दिनक्रम सुरू झाला. बायकांनी पुस्तक वाचणे हे कुळाला न शोभणारे आहे, असे त्या स्त्रियांना मनापासून वाटे. पुढे इंग्रजी शिकविण्यास एक मिशनरी बाई घरी येऊ लागल्या, तेव्हा तर विटाळाचा प्रश्न उभा राहिला. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. घरातील कामे त्या चुकवीत नसत, वडील माणसांचा मान राखीत, आणि उरलेल्या वेळात अभ्यास करीत. सोसावयाचे, पण सोडावयाचे नाही, हा धडा त्यांनी बालवयातच गिरविला.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. तेथे रमाबाईंच्या हाती स्वतंत्र संसार आला, आणि चार बायकांत मिसळण्याची संधीही मिळाली. मुलींच्या शाळेच्या बक्षीस-समारंभात पुढे येण्याचा धीर त्यांना प्रथम तेथेच करावा लागला. त्यानंतर १८८४ साली पुण्याच्या हिराबागेत मुंबईचे गव्हर्नर आले असता, पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी विनंती करणारे इंग्रजी भाषण रमाबाईंनी सभेपुढे वाचून दाखविले. बाहेर त्यांची वाहवा झाली. घरी मात्र त्यांना कठोर बोल ऐकावे लागले. परंतु त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा सुरू झाली, आणि मुलींच्या शिक्षणाचे एक मोठे दार उघडले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा सुमारे एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. मुंबईचे घर आवरून त्या पुण्यास आल्या, आणि सुमारे एक वर्ष त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नाही. ज्या दुःखाविषयी त्या पूर्वी ऐकत आणि वाचीत, ते वैधव्य आता त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आले होते. परंतु आपल्याला मिळालेली विद्या शोकात बुडवून टाकणे हे आपल्या पतीच्या शिकवणुकीला धरून होणार नाही, हे त्यांनी ओळखले. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना जाऊन भेटणे, त्यांना धीराच्या गोष्टी सांगणे, इस्पितळांतील रुग्णांसाठी फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जाणे, असे काम त्यांनी हळूहळू सुरू केले.

या कामात त्यांना समाजातील दोन मोठी दुःखे जवळून दिसली. एकीकडे आजारी आणि बाळंत स्त्रियांची शुश्रूषा करण्यास शिकलेल्या स्त्रिया मिळत नव्हत्या. दुसरीकडे घरोघरी तरुण विधवा होत्या. त्यांचे केशवपन केलेले असे, अंगावर लाल आलवण असे. मंगल कार्यात त्यांना स्थान नसे, आणि दीर-जावांच्या घरी राबण्यावाचून त्यांना दुसरा आधारही नसे. एका ठिकाणी हातांची उणीव होती, आणि दुसऱ्या ठिकाणी ते हात निरुपयोगी ठरविले जात होते. या विधवांना शुश्रूषेचे शिक्षण दिले, तर रुग्ण स्त्रियांना आधार मिळेल आणि विधवांना स्वतःच्या श्रमाची भाकरी व मानाचे जिणे लाभेल, हे रमाबाईंना स्पष्ट दिसू लागले.

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन ही संस्था स्थापन केली, आणि रमाबाईंना तिचे अध्यक्षपद दिले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यात सेवासदन निघाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे रमाबाईंचे या कार्यातील उजवे हात होते. संस्थेला स्वतःची जागा नव्हती. तेव्हा रमाबाईंनी आपल्याच वाड्यात वर्ग भरविले. प्रथम थोड्या स्त्रिया येत. कोणी लिहावाचावयास शिके, कोणी शिवणकाम, तर कोणी आजाऱ्याची प्राथमिक देखभाल.

यानंतर १९११ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनातील स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची योजना पुढे आली. इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० सालीच परिचारिकांची शाळा काढून या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. आपल्याकडे मात्र ते काम हलके समजत. कोणत्याही जातीच्या रुग्णाला हात लावावयाचा, रक्त आणि पू पुसावयाचा, रात्री-अपरात्री रुग्णालयात जागावयाचे, परपुरुष डॉक्टरांच्या हाताखाली वागावयाचे; घरंदाज स्त्रीने हे करावे ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. नातेवाईक विरोध करीत, आणि शिकावयास तयार झालेल्या स्त्रियांचेही पाय अडखळत.

अशा वेळी रमाबाई वाद घालीत बसल्या नाहीत. त्या स्वतः भाविक होत्या. व्रते, पुराण, कीर्तन यांची त्यांना आवड होती. त्यामुळे जुन्या वळणाच्या स्त्रियांची भीती त्यांना समजत असे, आणि त्या स्त्रियांचाही त्यांच्यावर विश्वास बसे. रंजल्या-गांजलेल्यांची सेवा हा धर्मच आहे, ही गोष्ट त्या स्त्रियांच्या मनात त्यांनी हळुवारपणे रुजविली. मुलीची काळजी आई जशी वाहते, तशी त्यांनी या विद्यार्थिनींची काळजी वाहिली. हळूहळू संकोच मावळला. सुईणपणाचे आणि शुश्रूषेचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या स्त्रिया सेवासदनातून बाहेर पडू लागल्या. ज्या घरांनी पूर्वी नाके मुरडली, त्याच घरांतून अडचणीच्या वेळी त्यांना बोलावणी येऊ लागली.

तरीही समाजाचे मन एका दिवसात बदलत नाही. एका वर्षी सेवासदनाच्या वार्षिक समारंभात बक्षिसे वाटली जात होती. केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक विधवा आपले बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली. तिला पाहताच सभेत बसलेल्या काही विद्यार्थ्यांनी टाळ्या पिटून आणि गलका करून तिची टर उडविली. ती बिचारी लाजेने अर्धमेली झाली. समारंभाच्या शेवटी रमाबाई बोलावयास उठल्या. एरव्ही शांत असणारा त्यांचा स्वर त्या दिवशी संतापाने कापत होता. ज्यांना आपण सुशिक्षित म्हणवून घेतो असे वाटते, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी अशी दुर्दैवी बहीण, आत्या, मावशी किंवा आई नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला. क्रूर रूढीने जिला आधीच दुखविले, तिला आणखी दुखविण्याला विद्या म्हणत नाहीत, हे त्यांनी त्या तरुणांना परखडपणे ऐकविले. सभा निःशब्द झाली. लहानपणी स्वतःला लागलेले टोमणे रमाबाईंनी मुकाट्याने गिळले होते. पण आपल्या विद्यार्थिनीचा उपहास त्यांनी क्षणभरही सहन केला नाही.

आयुष्याच्या अखेरपर्यंत रमाबाईंचे कार्य वाढतच गेले. आषाढी-कार्तिकीच्या सुमारास आळंदीला यात्रा भरे, तेव्हा सेवासदनातील स्वयंसेविकांना घेऊन त्या जात आणि यात्रेकरू स्त्रियांना मदत करीत. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणातून पुण्यातील मुलींना वगळू नये, यासाठी त्यांनी स्त्रियांना एकत्र केले. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, म्हणूनही त्या झटल्या. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्यांनी आपल्या संसाराची हकिकत साध्या, प्रांजळ भाषेत लिहून ठेवली आहे. मराठीतील आत्मपर लेखनात त्या पुस्तकाला मोठे स्थान आहे.

१९२४ साली पुण्यात रमाबाईंचे निधन झाले. वाड्यातील थोड्या स्त्रियांपासून सुरू झालेल्या सेवासदनाचा तोपर्यंत मोठा विस्तार झाला होता. १९६२ साली त्यांची जन्मशताब्दी आली, तेव्हा भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

परंतु रमाबाईंचे खरे स्मारक तिकिटावर किंवा दगडात शोधावयास नको. पिंपळगावात असो किंवा दूरच्या एखाद्या पाड्यावर असो, रात्री कोणा घरी बाळंतीण अडली आणि निरोप मिळताच एखादी परिचारिका किंवा आशाताई हातात विजेरी घेऊन घराबाहेर पडली, तर तिला आज कोणी हसत नाही. दारात वाट पाहणारी सासू तिला आधी वाट करून देते. ही वाट मोकळी व्हावी म्हणूनच एके काळी रमाबाईंनी आणि त्यांच्या आलवण नेसलेल्या विद्यार्थिनींनी लोकांचे हसे सोसले होते.