कार्ल मार्क्स : श्रमाचा हिशोब मांडणारा विचारवंत



साम्यवाद हा शब्द पुस्तकात आला की आपण तो बहुतेक वेळा एका ओळीत उरकतो. साम्यवादाचा जनक कार्ल मार्क्स, ग्रंथ दास कॅपिटल. जोड्या लावा प्रश्नात येतं, लिहून घ्या. मीही वर्षानुवर्षे असंच लिहून देत होतो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की सर, आयुष्यभर पैशावर लिहिणारा हा माणूस श्रीमंत होता का? मी म्हणालो, नाही, फार हलाखीत जगला. त्यावर तिने विचारलं, की मग त्याला पैसा कळला कसा? वर्ग हसला. मला मात्र त्या तासाला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो, त्यातून हा लेख तयार झाला. तुमच्याही वर्गात किंवा घरात असा प्रश्न येऊ शकतो.

बालपण आणि शिक्षण

कार्ल मार्क्सचा जन्म ५ मे १८१८ रोजी ट्रियर या गावी झाला. हे गाव आजच्या जर्मनीत आहे, तेव्हा ते प्रशिया राज्यात होते. घराणे ज्यू धर्मगुरूंचे. वडील हाइनरिख वकील होते. ज्यू माणसाला वकिली करू देत नसत, म्हणून त्यांना ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागला. म्हणजे जन्मामुळे माणसाची वाट कशी अडते, हे या मुलाच्या घरातच घडलेलं होतं.

वडिलांची इच्छा मुलाने कायदा शिकावा अशी होती. कार्ल आधी बॉनला आणि मग बर्लिनला गेला, पण त्याचं मन तत्त्वज्ञानात रमलं. १८४१ मध्ये प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांवरच्या प्रबंधासाठी त्याला येना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. प्राध्यापक व्हायचं मनात होतं. पण सरकारला न पटणारे विचार असलेल्यांना विद्यापीठाची दारे बंद होऊ लागली होती. मग तो पत्रकारितेत आला.

सरपणाची चोरी

१८४२ मध्ये तो कोलोन शहरातल्या एका वृत्तपत्राचा संपादक झाला. त्या वेळी जंगलातलं वाळलेलं, खाली पडलेलं लाकूड गोळा करणं हीसुद्धा चोरी ठरवणारा कायदा चर्चेत होता. गरीब लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच लाकूड चुलीसाठी नेत होते. आपल्याकडे डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बायका आठवा, म्हणजे विषय लगेच लक्षात येईल.

मार्क्सने यावर लेख लिहिले. कायदा सगळ्यांसाठी असतो असं आपण म्हणतो, पण तो करताना कुणाचं हित पाहिलं जातं, हा प्रश्न त्याला इथे पहिल्यांदा टोचला. तत्त्वज्ञान शिकलेला हा तरुण इथून अर्थशास्त्राकडे वळला. वर्षभरातच सरकारने ते वृत्तपत्र बंद पाडले.

जेनी आणि एंगल्स

जून १८४३ मध्ये त्याचं जेनी फॉन वेस्टफालेन हिच्याशी लग्न झालं. जेनी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, सरदार घराण्यातली, शिकलेली. सात वर्षे ती त्याच्यासाठी थांबली होती. दोघं पॅरिसला गेले. तिथे १८४४ मध्ये फ्रेडरिक एंगल्सशी त्याची मैत्री जमली, ती मरेपर्यंत टिकली. एंगल्स हा कापड गिरणीमालकाचा मुलगा. मँचेस्टरच्या कामगार वस्त्या त्याने स्वतः हिंडून पाहिल्या होत्या आणि त्यावर पुस्तकही लिहिले.

मार्क्सला पॅरिसमधून हाकललं, तो ब्रुसेल्सला गेला. प्रशियाचं नागरिकत्व त्याने सोडलं, ते कायमचंच. पुढे आयुष्यभर तो कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता.

फेब्रुवारी १८४८ मध्ये या दोघांचा कम्युनिस्ट जाहीरनामा लंडनमध्ये छापला गेला. अवघी काही पानांची पुस्तिका. मार्क्स तेव्हा २९ वर्षांचा होता. तिचं सार असं, की इतिहास म्हणजे केवळ राजेरजवाड्यांच्या लढाया नव्हेत. जमीन, यंत्रं, कारखाने ज्यांच्या हाती असतात ते आणि जे केवळ राबतात ते, यांच्यातला संघर्ष इतिहासाला पुढे नेतो. याला आपण वर्गसंघर्ष म्हणतो. उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची झाली तर हा संघर्ष संपेल, असं त्याचं म्हणणं होतं. इथे एक खुलासा मुलांना जरूर द्या. खासगी मालमत्ता नको याचा अर्थ कुणाची सायकल किंवा राहतं घर काढून घ्या असा नव्हता. रोख होता तो इतरांच्या श्रमावर नफा मिळवून देणाऱ्या भांडवलावर.

आपल्या शिक्षकांसाठी त्यातली एक मागणी फार महत्त्वाची आहे. सर्व मुलांना सार्वजनिक शाळेत मोफत शिक्षण मिळावं आणि कारखान्यांत मुलांना राबवण्याची तेव्हाची पद्धत बंद व्हावी, असं त्यात स्पष्ट मांडलं होतं. आपल्याकडे महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. दोघे एकाच काळातले. एकाची सुरुवात कारखान्यापासून, दुसऱ्याची जातिव्यवस्थेपासून, पण गरिबाच्या मुलाची शाळा दोघांनाही महत्त्वाची वाटली.

लंडनमधले दिवस

१८४८ ची युरोपातली क्रांती फसली. १८४९ मध्ये मार्क्स कुटुंबासह लंडनला आला, तो कायमचाच. सोहो भागात दोन खोल्यांत संसार. पोटची मुलं, घर सांभाळणारी हेलेन डेमुथ आणि मिळकत जवळजवळ शून्य. कधी अंगावरचा कोटही गहाण पडलेला असे, मग बाहेर जाता येत नसे.

इथे थोडं थांबून वाचा. १८५० मध्ये लहानगा गीडो गेला. १८५२ मध्ये एक वर्षाची फ्रान्सिस्का गेली. तिच्या शवपेटीसाठी घरात पैसे नव्हते, जेनीने ते एका फ्रेंच ओळखीच्या माणसाकडून उसने आणले. १८५५ मध्ये आठ वर्षांचा एडगर गेला. या मुलावर मार्क्सचा फार जीव होता. त्या दुःखातून तो कधीच पुरता सावरला नाही.

त्याने नोकरी शोधली नाही का? मुलं हे हमखास विचारतात. १८६२ मध्ये त्याने रेल्वेत कारकुनाच्या जागेसाठी प्रयत्न केला होता. अक्षर वाईट म्हणून ती मिळाली नाही! त्याचं अक्षर जेनीला लागे, ती त्याची हस्तलिखितं सुवाच्य करून देई. बाकी उत्पन्न म्हणजे न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून या अमेरिकन वृत्तपत्रातले लेख. त्यांत त्याने भारतावरही लिहिलं. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे रेल्वे धावली आणि त्याच वर्षी मार्क्सने लिहिलं, की इंग्रज स्वतःच्या फायद्यासाठी रेल्वे आणत असले तरी त्यातूनच भारतात आधुनिक उद्योग उभे राहतील. भारतात तो कधी आला नाही. इथल्या गावगाड्याबद्दलची त्याची काही मतं आज अभ्यासकांना पटत नाहीत, हेही सांगायला हवं.

संसार खऱ्या अर्थाने चालला तो एंगल्सच्या मदतीवर. मित्राला लिहिता यावं म्हणून एंगल्सने १८५० ते १८६९ अशी जवळपास वीस वर्षे मँचेस्टरच्या गिरणीच्या कचेरीत काम केलं. नफा कुठून येतो हे शोधणाऱ्या माणसाची चूल गिरणीच्या नफ्यातल्या पैशावर पेटत होती. ही विसंगती आपण लपवू नये. मुलं अशाच गोष्टींवर खरा विचार करतात.

पैसा कळला कसा?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मार्क्स जवळजवळ रोज ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसे. तिथे त्याने सरकारी अहवाल वाचले. हे जाडजूड अहवाल क्वचितच कुणी उघडून पाहत असे. त्यांत विल्यम वूड नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाची नोंद होती. आठ वर्षे पुरी व्हायच्या आतच तो कुंभारकामाच्या कारखान्यात लागला. सकाळी ६ ला कामावर, रात्री ९ ला सुट्टी. रोजचे पंधरा तास. ही नोंद मार्क्सने आपल्या ग्रंथात घेतली. लिओनार्ड हॉर्नर या प्रामाणिक निरीक्षकाचं त्याने त्यात कौतुकही केलं आहे.

सप्टेंबर १८६७ मध्ये कॅपिटलचा पहिला खंड हॅम्बुर्गहून प्रसिद्ध झाला. प्रती फक्त १०००. त्यातला मुख्य हिशोब वर्गात असा सांगता येईल. समजा, एका कामगाराला दिवसाची मजुरी मिळते. त्या मजुरीइतकं मूल्य तो सहा तासांत तयार करतो. पण त्याला काम मात्र बारा तास करावं लागतं. उरलेल्या सहा तासांत जे तयार होतं, ते मालकाकडे राहतं. याला वरकड मूल्य म्हणतात. मार्क्सच्या मते नफा इथून येतो. मालक दुष्ट आहे म्हणून हे घडतं, असं तो म्हणत नाही. स्पर्धेत टिकायचं तर चांगल्या मालकालाही तेच करावं लागतं, म्हणून दोष व्यवस्थेचा आहे, असं त्याचं म्हणणं. पुढच्या अनेक अर्थतज्ज्ञांना हा हिशोब पटला नाही. वस्तूची किंमत केवळ श्रमावर ठरत नाही, मागणी आणि उपयुक्ततेवरही ठरते, असं ते म्हणतात. दोन्ही बाजू वर्गात याव्यात.

तो फक्त लिहीत बसला असंही नाही. १८६४ मध्ये लंडनमध्ये कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या कामात तो पुढे होता. या संघटनेने १८६६ मध्ये आठ तासांच्या दिवसाची मागणी केली. आज आपण आठ तासांची ड्युटी हा शब्द किती सहज वापरतो!

शेवट आणि नंतर

१८६६ मध्ये लाफार्ग नावाचा तरुण मार्क्सच्या मुलीशी, लॉराशी लग्न करू पाहत होता. मार्क्सने त्याला जे पत्र लिहिलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण सर्वस्व चळवळीला दिलं याची खंत नाही, पण पुन्हा आयुष्य मिळालं तर आपण लग्न करणार नाही, असं त्याने कळवलं. आपल्या बायकोचं जे झालं ते मुलीचं होऊ नये, ही बापाची काळजी त्यात होती. किंमत कुणी मोजली हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

२ डिसेंबर १८८१ रोजी जेनी गेली. जानेवारी १८८३ मध्ये थोरली मुलगीही गेली. १४ मार्च १८८३ रोजी लंडनमध्ये मार्क्सने देह ठेवला. हायगेट दफनभूमीत त्याला निरोप द्यायला मोजकी माणसं होती. कॅपिटलचे राहिलेले दोन खंड एंगल्सने मित्राच्या कागदांतून जुळवून १८८५ आणि १८९४ मध्ये प्रसिद्ध केले.

पुढचा इतिहास पुस्तकात आहे. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, १९४९ मध्ये चीनमध्ये. मार्क्सला उद्योगप्रधान देशांत बदलाची अपेक्षा होती, तो घडला शेतीप्रधान देशांत. शाळा, दवाखाने, कारखाने उभे राहिले, पण स्टालिनच्या काळात दुष्काळ, छळछावण्या आणि दडपशाहीने लाखो माणसं मेली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. आपल्या मुंबईत श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं आणि १९२८ च्या गिरणी संपात लाल बावटा गिरणगावात पोचला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण आणि दुःख हा प्रश्न खरा आहे हे त्यांनी मानलं, पण हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग नाकारला. माझ्या मते वर्गात हीच दृष्टी उपयोगी पडते. प्रश्न आणि उत्तर वेगवेगळे तपासायचे.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. एका वस्तूची निवड करा, उदा. शाळेचा गणवेश. तो तयार होईपर्यंत कुणाकुणाचे हात लागले याची मुलांना यादी करू द्या. दुकानात दिलेल्या पैशांतून प्रत्येकाला किती मिळत असेल, यावर बोलू द्या.

२. तुमच्या ओळखीच्या कुणाच्या घरी किंवा दुकानात शाळेच्या वयाचं मूल कामाला आहे का? असल्यास त्याची शाळा कोणती, हे विचारा.

३. एखादा विचार चांगला आहे, पण तो राबवणाऱ्यांनी माणसं चिरडली. अशा वेळी विचाराला दोष द्यायचा की राबवणाऱ्यांना? मुलांना दोन गटांत बोलू द्या.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा भेटली तेव्हा मी तिला उत्तर दिलं. सांगितलं, की त्याने नऊ वर्षांच्या एका मुलाचे कामाचे तास मोजले आणि तिथून पैसा समजून घेतला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की तिची आई ऊसतोडीला जाते, तिचे तास ती आज मोजून बघेल. दुसऱ्या दिवशी वहीत तिने आकडा लिहून आणला होता. चौदा.