विद्यार्थी भीमराव : एका शिक्षणाच्या खर्चाची कथा

दरवर्षी आपल्या ज्ञातिसंघाच्या गुणगौरव समारंभात यशस्वी मुलामुलींना प्रशस्तिपत्रके दिली जातात, टाळ्यांचा गजर होतो, छायाचित्रे निघतात. समारंभ संपला आणि मंडप रिकामा होऊ लागला, की चारदोन पालक आम्हांस हळूच बाजूस बोलावतात. मुलाला गुण उत्तम पडले, प्रवेशही मिळाला. पण गुरुजी, पैशाचे काय करावे, हा त्यांचा प्रश्न असतो. उभे आयुष्य शाळेत शिकविण्यात घालविल्यामुळे ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी असेल अशी त्यांची समजूत आहे. ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी कार्यकारी मंडळाने लेख मागितला, तेव्हा आम्ही ठरविले, की हे उत्तर एका थोर पुरुषाच्या चरित्रातूनच द्यावे. तो पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून सर्व जग ओळखते. त्यांच्या सत्याग्रहांविषयी, ग्रंथांविषयी व धर्मांतराविषयी थोर लेखकांनी विपुल लिहिले आहे. तो आमचा अधिकार नव्हे. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते इतकेच, की ह्या प्रज्ञावंताचे शिक्षण कोणाकोणाच्या पैशाने झाले, ते कितीदा अडले आणि कसे पुन्हा सुरू झाले.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार असून लष्करी शाळेत शिक्षक होते. सेवानिवृत्तीनंतर दापोली, सातारा असे मुक्काम होत हे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत येऊन राहिले. निवृत्तिवेतन तुटपुंजे आणि कुटुंब मोठे. परंतु मुलाला पुस्तक हवे असले आणि हाताशी पैसा नसला, तर रामजी आपल्या विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना मागून घेत, तो गहाण टाकून पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. शिक्षणसाहाय्याचा हा पहिला हप्ता होय. तो कोणत्याही संस्थेने दिलेला नव्हता. तो एका बहिणीने दिला.

थोरला भाऊ आनंदराव ह्याने शिक्षण सोडून नोकरी धरली, म्हणून धाकट्याची शाळा चालू राहिली. घरातील एकाने शिकावे म्हणून दुसऱ्याने थांबावे, ही गोष्ट आपल्या जुन्या पिढीस नवीन नाही. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजात ही घटना एवढी दुर्मिळ होती, की तिच्यानिमित्त अभिनंदनाची सभा भरली. ह्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर ह्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

केळूसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत ते वाचावयास बसत. तेथेच एक मुलगा नेमाने येऊन पुस्तकात डोके घालून बसतो हे त्यांच्या ध्यानी आले, आणि त्यांनी त्याची विचारपूस केली. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे ह्या प्रसंगापाशी आमचे मन नेहमी घोटाळते. तो मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, त्यांच्या वर्गाचा नव्हता. त्याच्याकडे पाहण्याचे त्यांना काही कारण नव्हते, तरीही त्यांनी पाहिले.

पुढे इंटर झाल्यावर रामजींच्या हातचा पैसा संपला आणि कॉलेज सोडण्याची वेळ आली. ह्या वेळी केळूसकर पुन्हा धावून आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड लायक अस्पृश्य विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी मदत करावयास तयार आहेत, हे त्यांना ठाऊक होते. ते भीमरावांना घेऊन महाराजांच्या भेटीस गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, मुलाने नीट उत्तरे दिली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. त्या २५ रुपयांवर भीमराव १९१२ साली बी. ए. झाले. येथे पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. देणारा दानशूर होता, घेणारा लायक होता. पण दोघांची गाठ घालून देणारा मध्ये नसता, तर देणारा बडोद्यास राहिला असता आणि घेणारा परळच्या चाळीत.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. लगेच २ फेब्रुवारी रोजी वडिलांचे निधन झाले. मुलगा पदवीधर झालेला त्या पित्याने पाहिला, एवढेच समाधान. त्याच वर्षी महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविणार होते. भीमरावांनी अर्ज केला व त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारपत्रावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षांची, आणि शिक्षण संपल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याची अट, असा तो करार होता.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी वेळेचा आणि पैशाचा कण कण वेचला. खाण्यात काटकसर, नाटक-तमाशे वर्ज्य, घरी मुंबईस पैसे पाठविणे आणि उरले तर जुन्या पुस्तकांची खरेदी, असा त्यांचा क्रम होता. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढच्या वर्षी त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंधही सादर केला. तेथील वसतिगृहात नवल भथेना नावाच्या पारशी तरुणाशी त्यांची मैत्री झाली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९१६ साली ते लंडनला गेले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, असा दुहेरी अभ्यास त्यांनी आरंभिला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली. मुदतवाढीसाठी त्यांनी पत्रव्यवहार केला, तो शेवटी फळला नाही, आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पैसा संपला, तरी दार लावून घेतले नाही.

पहिल्या महायुद्धाचे ते दिवस होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती बोट बुडविली गेली, आणि त्यात कष्टाने जमविलेली पुस्तकेही गेली. सामानाच्या भरपाईचे जे पैसे मिळाले, त्यांतून ते करार पाळण्यासाठी बडोद्यास गेले. तेथे काय घडले ते सर्वश्रुत आहे. परदेशात शिकून आलेल्या ह्या विद्वानास राहावयास कोणी जागा देईना. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले, तेथून जमावाने त्यांना बाहेर काढले. हाताखालचे नोकर कागद दुरून टाकीत. शिष्यवृत्तीने विद्या दिली, पण समाजाने त्या विद्येस उतरावयास एक खोली दिली नाही. ह्या गोष्टीची लाज तुम्हांआम्हांस आजही वाटली पाहिजे.

मुंबईस परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. मग नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये वेतनाची प्राध्यापकी मिळाली. एवढा पगार असताना माणूस मोठे घर घेता. बाबासाहेब मात्र परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांतच राहिले, कारण लंडनचे चार वर्षांचे वायदे डोक्यात होते. हा काटकसरीचा संसार चालविला तो रमाबाईंनी. पतीच्या परदेशवासात ह्या माउलीने कमालीच्या टंचाईत घर सांभाळले. त्यांची कित्येक अपत्ये बालपणीच दगावली. शिष्यवृत्तीच्या हिशेबात हा खर्च कोठेच मांडलेला नसतो.

मार्च १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी पुन्हा लंडनची तयारी केली. स्वतःची शिल्लक पुरेशी नव्हती. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपतींनी साहाय्य केले आणि मित्र नवल भथेना ह्यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. त्या बळावर अर्धपोटी राहून, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून त्यांनी राहिलेला अभ्यास पुरा केला. १९२१ साली ते एम. एस्‌सी. झाले, पाठोपाठ बॅरिस्टर झाले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली. १९०८ साली कॉलेजात पाऊल टाकल्यापासून हे घडेपर्यंत पंधरा वर्षे लोटली होती.

आता ह्या पंधरा वर्षांचा जमाखर्च मांडून पाहावा. बहिणीचे दागिने, भावाची नोकरी, एका शिक्षकाची नजर, दोन राजांचे औदार्य, एका पारशी मित्राचे कर्ज, पत्नीची उपासमार आणि स्वतःच्या पगारातील शिल्लक. एकाही ठिकाणाहून सगळा पैसा आला नाही. थोडा थोडा सात ठिकाणांहून आला आणि पुरला. पालकहो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

बाबासाहेबांनी घेतलेले ऋण विसरले नाही. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्या अधिकारावरून त्यांनी सरकारकडे मागणी करून अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वार्षिक ३ लक्ष रुपये मंजूर करून घेतले. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ह्याच प्रयत्नांचे फळ. पुढे आदिवासी व इतर मागास वर्गांनाही अशी शिष्यवृत्ती मिळू लागली. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली व १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज उघडले. तेथील वर्ग सकाळी भरत, ते दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी. एकट्यास जे पंधरा वर्षे शोधावे लागले, त्याचा त्यांनी हजारोंसाठी राजमार्ग केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या काळात आमच्या वर्गातील एका हुशार मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आमच्याकडे होता. उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा राहिला होता. आज पाठवू, उद्या पाठवू, म्हणून तो आमच्या टेबलाच्या खणात पडून राहिला आणि मुदत टळली. त्या मुलाने कॉलेज सोडले. तो आज भेटला तर नमस्कार करतो, आणि आमची मान खाली जाते. केळूसकर गुरुजींचे चरित्र वाचताना तो खण आम्हांस दिसतो.

म्हणून ज्ञातिबंधु-भगिनींस विनंती. आज शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यांचे अर्ज महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, गुणपत्रके आणि बँकेचे खाते ह्यांची जुळवाजुळव निकालापूर्वीच करावी. शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणून निश्चिंत बसू नये. पुढील वर्षी नूतनीकरण करावे लागते. अटी वाचल्याशिवाय सही करू नये. मुदत संपत आली तर ती टळण्यापूर्वी लेखी विनंती करावी. मागण्यात कमीपणा मानू नये. भीमरावांनी मागितले, म्हणून ते शिकले.

शेवटची गोष्ट काहीशी संकोचाने लिहितो. ज्या पुरुषाने जातिभेद नष्ट व्हावा म्हणून देह झिजविला, त्याचे चरित्र एका जातीच्या स्मरणिकेत छापावे हे विसंगत नव्हे काय, असे कोणी विचारील. आम्हांसही तो प्रश्न पडला. उत्तर असे सुचते, की त्यांना मदत करणारा बडोद्याचा राजा, कोल्हापूरचा राजा, शाळामास्तर केळूसकर आणि पारशी मित्र ह्यांपैकी कोणीही त्यांच्या जातीचा नव्हता. प्रत्येकाने आपल्या कुंपणापलीकडे हात पुढे केला. आपल्या संघाचा शिक्षणनिधी ज्ञातीच्या मुलांसाठी आहे, तो तसा असावा. परंतु त्यातील एक शिष्यवृत्ती, एकच का होईना, ज्ञातीबाहेरील एखाद्या गरजू व लायक मुलास अथवा मुलीस दरवर्षी द्यावी, असा ठराव येत्या वार्षिक सभेत आम्ही मांडणार आहोत. काही सभासदांना तो रुचणार नाही हे आम्ही जाणतो. त्यांनी सभेस अवश्य यावे, विरोध करावयाचा तर करावा. पण येण्यापूर्वी चर्नी रोडच्या बागेतील तो शिक्षक आणि तो मुलगा ह्यांचे एकदा स्मरण करावे, एवढीच प्रार्थना.